डोंगराचं निसर्गचित्र कसं वाचावं: सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगेच्या साक्षीनं

खान्देशात डोंगर कडेला असतो. उत्तरेला सातपुड्याची लांबच लांब भिंत, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मध्ये तापीचं सपाट खोरं. वावरात उभं राहिलं की डोंगर दिसतो तो आभाळाच्या तळाशी ओढलेल्या निळसर पट्ट्यासारखा. इथल्या चित्रकारांच्या कामात हा पट्टा हमखास येतो. प्रदर्शनात अशा चित्रापुढे लोक क्षणभर थांबतात, ‘छान आहे, शांत वाटतं’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे सरकतात.

‘शांत’ हा शब्द तिथेच फसवतो. डोंगर, पाणी, झाड दिसलं की तो आपसूक तोंडात येतो आणि समोरच्या चित्रात नेमकं काय घडतंय ते बघायचं राहून जातं. रसग्रहण लिहिणारे विद्यार्थी, ते शिकवणारे कलाशिक्षक आणि घरासाठी चित्र निवडणारे लोक अशा सगळ्यांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत पुढे दिली आहे. तिचा कणा एवढाच: भाव चित्राच्या पृष्ठभागावरून सिद्ध करायचा, आणि प्रतीक त्यानंतरच, तेही तपासून मान्य करायचं.

बघण्याआधीची तयारी

सोबत वही, पेन्सिल, सहा इंची पट्टी आणि जाड कागदाचे दोन काटकोनी तुकडे घ्या. हे तुकडे समोरासमोर धरले की चौकट तयार होते आणि चित्राचा हवा तेवढा भाग वेगळा काढून बघता येतो. मोबाईल लागेल तो फक्त एका कृष्णधवल फोटोसाठी.

चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर उभे राहा. कर्ण ७० सेंमी असेल, तर साधारण एक ते दीड मीटर. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर डावी-उजवीकडे सरका. चमकणारी काच गडद छटा फिक्या करते, आणि मग नसलेलं धुकं दिसायला लागतं.

शक्यतो मूळ चित्रच बघा. छापील प्रतीत किंवा मोबाईलच्या पडद्यावर सर्वांत आधी बिघडते ती दूरच्या डोंगराची छटा, कारण कॅमेरा निळसर-राखाडीला आपल्या हिशेबानं थंड किंवा उबदार करून टाकतो. प्रतीवरून मूळ चित्राबद्दल बोलण्याची अडचण इथे जुनीच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रती करायला रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून राबला. त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. कोरड्या गिलाव्यावरचा रंग तेलात उतरवताना त्याचा पोत बदलतोच. आज फोटोवरून रसग्रहण लिहिताना तीच खबरदारी घ्यावी लागते.

पहिली दोन मिनिटं: क्रियापदं लिहा

चित्राखालची चिठ्ठी वाचू नका. शीर्षक वाचलं की डोळे त्याचाच पुरावा शोधायला लागतात. दोन मिनिटं नुसतं बघा आणि तीन क्रियापदं लिहा. विशेषणं नकोत. ‘सुंदर, भव्य, उदास’ हे निकाल झाले. ‘दाबतं, ओढतं, अडवतं, पसरतं, निसटतं, वाट बघतं’ अशा शब्दांत चित्राची कृती पकडली जाते, आणि कृती कशामुळे घडते हे पुढे शोधता येतं. सुरुवातीला क्रियापद सुचत नाही. अशा वेळी विचारा: हा डोंगर मला जवळ घेतो, की थोपवतो? जवळजवळ प्रत्येक डोंगर-चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

पट्टी लावा

आता चित्राच्या उंचीचे भाग मोजा. आकाश किती, डोंगर किती, पुढची जमीन किती? काचेला पट्टी टेकवायची नाही, हात लांब करून हवेत धरायची. नेमकी सेंटिमीटरं महत्त्वाची नाहीत, प्रमाण महत्त्वाचं.

आकाश निम्म्याहून जास्त आणि डोंगराचा पट्टा सातवा-आठवा भाग असेल तर माणूस उघड्यावर असल्याचा भाव येतो. तो मोकळेपणा आहे की एकटेपणा, हे आकाशावर ठरतं. फिकं आणि एकसारखं रंगवलेलं आकाश मोकळं वाटतं. ढगांचे थर डोंगराच्या दिशेनं गडद होत गेले असतील, तर तेवढंच आकाश ओझं होतं. उलट डोंगराने तीन चतुर्थांश चित्र व्यापलं आणि वर आकाशाची चिरोटी राहिली, तर पाहणारा पायथ्याशी उभा आहे, मान वर करून.

अकराव्या शतकातल्या क्वो शी या चिनी चित्रकाराने डोंगर बघण्याची तीन अंतरं सांगितली: पायथ्यावरून शिखराकडे बघणं, समोरून डोंगराच्या आत डोकावणं आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे सपाट नजर टाकणं. यांतली तिसरी नजर तापीच्या खोऱ्याला जवळची. तोरणमाळवर सीताखाईच्या तोंडाशी उभं राहिलं की दुसरी नजर समजते आणि चाळीसगावकडून पाटणादेवीच्या कड्यांखाली गेलं की पहिली. चित्रात यांपैकी कोणती नजर आहे ते एका शब्दात लिहून ठेवा.

शिखराची रेषा

आपले डोंगर बेसॉल्टचे, लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेले. म्हणून माथे बरेचदा सपाट, अंगावर पायऱ्यांसारखे आडवे कडे. अशी आडवी रेषा नजरेला डावीकडून उजवीकडे चालवते, वर चढवत नाही. चित्रात स्थैर्य, दीर्घकाळ, चिकाटी असे भाव येतात ते या रेषेतून.

लहानपणापासून हात मात्र त्रिकोणावर बसलेला असतो: तीन शिखरं, मधून उगवता सूर्य, खाली नदी. मोठेपणीही तो त्रिकोण सुटत नाही. त्यामुळे ‘सातपुडा’ नावाच्या चित्रात टोकदार, हिमालयासारखी शिखरं दिसली तर लगेच ‘उंचीचं, आकांक्षेचं प्रतीक’ असं लिहू नका. आधी बाकीचं चित्र तपासा. झाडं, घरं, जमीन निरीक्षणातून आलेली असतील आणि फक्त शिखर ताणलेलं असेल, तर ती चित्रकाराची निवड आहे, तिला अर्थ द्या. सगळंच ठरावीक असेल तर ती हाताची सवय आहे, आणि सवयीतून प्रतीक काढणं म्हणजे चित्रावर आपला अर्थ लादणं.

ऊन कुठून येतंय?

खान्देशातलं डोंगर-चित्र वाचताना सगळ्यांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, कारण इथला भूगोल इथे फार नेमका उपयोगी पडतो.

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४५-४६ अंश वर असतो. खोऱ्यातून बघणाऱ्याला सातपुड्याची दक्षिणेकडची बाजू दिसते, म्हणजे हिवाळ्यात तिच्यावर समोरून ऊन पडतं. घळी, कडे, झाडांचे पुंजके स्वच्छ दिसतात. अजिंठ्याच्या रांगेचं उलट आहे. खोऱ्यातून तिची उत्तरेकडची बाजू दिसते, सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि उभे कडे सावलीत राहतात. एकाच दिवशी, एकाच गच्चीवरून एक डोंगर उजळ आणि दुसरा काळसर दिसतो.

मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हिशेब बदलतो. या दिवसांत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणून अजिंठ्याच्या रांगेवर संध्याकाळचं सोनेरी ऊन समोरून पडताना दिसतं ते उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी.

आता हे चित्राला लावा. पायऱ्या तीन. आधी सावल्यांवरून सूर्याची बाजू शोधा: झाडाच्या बुंध्याची कोणती बाजू गडद, घराची कोणती भिंत उजळ? मग झाडांवरून ऋतू ओळखा. पळस फुललेला म्हणजे फेब्रुवारी-मार्च, साग निष्पर्ण म्हणजे उन्हाळा, हिरवा डोंगर म्हणजे पाऊस पडून गेलेला. शेवटी विचारा, या ऋतूत या बाजूनं असा उजेड पडतो का?

पडत असेल तर चित्रकाराने क्षण टिपलाय. भाव त्या वेळेचा, त्या हवेचा आहे. पडत नसेल, उदाहरणार्थ हिवाळ्यातल्या भर दुपारी निरभ्र आकाशाखाली सातपुडा काळ्या आकृतीसारखा रंगवलेला असेल, तर उजेड काढून घेतला गेलाय. असा काढून घेतलेला उजेड प्रतीकाकडे जाणारा सर्वांत खात्रीचा धागा आहे. सूर्यास्तानंतर आणि गच्च ढगांत मात्र सगळेच डोंगर काळे होतात. तेवढं आधी पडताळून घ्या, नाहीतर साध्या संध्याकाळीला शोक ठरवून बसाल.

छटा आणि रंग

डोळे बारीक करून बघा. बारकावे पुसले जातात आणि मोठे गडद-उजळ आकार उरतात. कृष्णधवल फोटो हेच काम करतो. सर्वांत उजळ छटेला १ आणि सर्वांत गडद छटेला ५ असे आकडे देऊन आकाश, दूरचा डोंगर, जवळचा डोंगर, जमीन यांना क्रमांक लावा. सगळं १ ते ३ मध्ये बसलं तर चित्र हलकं, आठवणीसारखं. सगळं ३ ते ५ मध्ये असेल तर ते जड. १ आणि ५ एकमेकांना भिडलेले असतील तर तिथे ताण आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा चित्राचं मर्म असते.

दूरचा डोंगर निळा दिसतो, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. चित्रकलेत याला हवाई यथादर्शन म्हणतात. पण खान्देशात मे महिन्यात, झळा लागत असताना, हवेत धूळ असते आणि लांबचा डोंगर पिवळट-राखाडी, जवळजवळ आकाशात विरघळलेला दिसतो. स्वच्छ निळा डोंगर पावसाळ्याच्या उघडीपीत आणि त्यानंतर दिसतो. त्यामुळे ‘निळा म्हणजे शांती, लाल म्हणजे राग’ असले तक्ते बाजूला ठेवा. विचारायचं ते असं: या ऋतूत डोंगर ज्या रंगाचा असतो, त्यापेक्षा तो इथे किती आणि कोणत्या बाजूला सरकलाय? भाव त्या सरकण्यात आहे.

साहित्यामुळे होणारे घोळही लक्षात ठेवा. जलरंगात अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग मिसळले की खरबरीत कागदाच्या खळग्यांत कण बसतात आणि दगडासारखा पोत आपोआप तयार होतो. त्याला ‘जखमी डोंगर’ म्हणण्याआधी तोच दाणेदारपणा आकाशातही आहे का ते बघा. जुन्या जलरंगांतला अलिझरिन क्रिमसनसारखा लाल उन्हानं उडतो. मूळचा जांभळा डोंगर निळा उरतो, संध्याकाळ पहाटेसारखी दिसायला लागते. चित्र फ्रेममधून काढलेलं असेल तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड बघा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो. तैलचित्रावरचं जुनं व्हार्निश पिवळं पडतं आणि सगळ्या चित्राला खोटी ऊब देतं. अशा वेळी ढगांचा पांढराही पिवळट असेल, तर दोष व्हार्निशचा.

कडा आणि कुंचला

डोंगर आणि आकाश जिथे भेटतात ती रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेनं चाला. कुठे धारदार, कुठे विरलेली? ओल्या कागदावर ओला रंग सोडला की कड विरते, कोरड्यावर लावला की कापल्यासारखी येते. चांगला चित्रकार दोन्ही वापरतो, आणि धारदार कड तो जिथे ठेवतो तिथे तुमची नजर थांबावी ही त्याची इच्छा असते. त्या जागेवर खूण करा.

फटकाऱ्यांची दिशा बघा. उतारासोबत खाली जाणारे फटकारे डोंगराला घसरता करतात, आडवे फटकारे बसवतात, सुरीनं ओरखडलेला जाड रंग अंगावर येतो.

प्रतीक: तीन चाळण्या

आतापर्यंत तुमच्याकडे पानभर नोंदी झाल्या असतील. आता अर्थाकडे वळा. चित्रातली एखादी गोष्ट प्रतीक आहे असं वाटलं, तर तिला तीन प्रश्न विचारा. ती चित्रात खरोखर दिसते, की मी शीर्षकावरून धरून चाललोय? अंगठ्यानं ती झाकली तर चित्राचा भाव बदलतो का? आणि या डोंगराजवळ राहणाऱ्या माणसाला ती काय सांगते?

तिसऱ्या चाळणीवर बहुतेक रसग्रहणं गळतात, कारण लिहिणाऱ्याने सार्वत्रिक अर्थ उचललेला असतो.

माथ्यावरचा झेंडा घ्या. सर्वसाधारण पुस्तकी अर्थ विजय. खान्देशातल्या अनेक घरांची कुलदेवता सप्तशृंगी, आणि चैत्रात इथून माणसं पायी गडावर जातात. गड नाशिक जिल्ह्यात असला तरी त्याची ओढ इथली आहे. या प्रेक्षकाला डोंगरावरचा झेंडा नवस, पायपीट आणि पोहोचणं सांगतो. काळ्या डोंगरावर दिव्यांची तिरपी ओळ असेल तर नंदुरबारकडच्या माणसाला दिवाळीतली सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराची यात्रा आठवेल, आणि तिच्यासोबत कपाळावरची जखम घेऊन सातपुड्यात तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा. तिथे डोंगर शिक्षेचा आणि न संपणाऱ्या वेदनेचा आहे. साक्री-नवापूरच्या पट्ट्यातल्या कोकणा आणि भिल्ल घरांत डोंगऱ्या देव पुजला जातो. त्यांच्यासाठी डोंगर दुसऱ्या कशाचं प्रतीक म्हणून उभा नसतो, तो स्वतःच देव. अशा चित्राबद्दल ‘डोंगर देवत्वाचं प्रतीक आहे’ असं लिहिणं अपुरं पडतं.

उतारावरची लाल रेघ संध्याकाळ असेल, वणवाही असेल. रेघ डोंगराच्या चढउताराला धरून वाकडी जाते आणि तिच्यावर धूर आहे, तर वणवा. सगळे पश्चिममुखी उतार सारखेच लालावलेले असतील तर ऊन.

आणि पाणी. डोंगरापुढे संथ जलाशय म्हणजे शांती, हे समीकरण सगळीकडे चालतं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदेकाठी ते चालत नाही. तिथली गावं, शेतं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. त्या डोंगरांच्या चित्रात पाण्यातून वर आलेले वठलेल्या झाडांचे शेंडे दिसले, तर संथपणाच अंगावर काटा आणतो.

माणूस असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते बघा. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या १८१८ च्या सुमाराच्या प्रसिद्ध चित्रात खडकावर उभा पुरुष आपल्याकडे पाठ करून धुक्याचा समुद्र बघतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो. पाठमोरी आकृती प्रेक्षकाला चित्रात नेते, समोर बघणारी प्रेक्षकाला अडवते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या मागे ठोकळ्यांसारखे खडक आहेत, त्यांत वानरं, मोर. त्या खडकांना दूरचा निळा रंग नाही, हवा नाही. तिथे डोंगर ही जागेची खूण आहे आणि भाव सगळा बोधिसत्त्वाच्या झुकलेल्या नजरेत. अशा चित्राला वरची उन्हाची आणि हवेची कसोटी लावू नये.

वास्तुशास्त्राचा प्रश्नही येतो, कारण दुकानात डोंगराचं चित्र नैऋत्येच्या भिंतीसाठी म्हणून विकलं जातं. ती श्रद्धा भिंतीबद्दलची आहे, चित्रात काय आहे हे तिच्यावरून कळत नाही. वाचन लिहिताना ती मध्ये आणू नये.

लिहून काढणं

समजा, ३८ × ५६ सेंमीचं आडवं जलरंग चित्र आहे. वरून खाली आकाश २१ सेंमी, डोंगर ५, पाणी ८, पुढची जमीन ४. शीर्षक ‘शांत जलाशय’. आकाशाची छटा १, डोंगर ३, पाणी २, पाण्यातले झाडांचे शेंडे ५. सगळ्या कडा विरलेल्या, फक्त शेंडे धारदार. उजव्या उतारावर पत्र्याचं एक घर, त्याच्याकडे जाणारी वाट कुठेच नाही.

नोंदींवरून परिच्छेद असा होईल: ‘निम्म्याहून अधिक उजळ आकाश आणि विरलेल्या कडा यांमुळे चित्र प्रथम मोकळं वाटतं. नजर मात्र सर्वांत गडद आणि एकमेव धारदार जागेवर, पाण्यातून वर आलेल्या वठल्या शेंड्यांवर अडकते. ते झाकले तर चित्र सहलीच्या आठवणीसारखं होतं, उघडले की पाण्याखाली काहीतरी असल्याची जाणीव परत येते. घर आहे, वाट नाही. ज्या वाटेनं तिथे जाता येत होतं ती पाण्यात असावी. डोंगराचा पट्टा चित्राच्या उंचीच्या साधारण आठव्या भागाएवढा राहिलाय, जणू तोही बुडायला लागलाय. शीर्षकातली शांतता बोलणारं कोणी उरलं नसल्याची आहे.’

परिच्छेद झाला की प्रत्येक वाक्यापुढे चित्रातली जागा लिहा: वर डावीकडे, मध्यभागी, उजवा उतार. ज्या वाक्यापुढे जागा लिहिता येत नाही ते खोडा. ‘असावी’, ‘जणू’ हे शब्द अंदाजाच्या वाक्यांत राहू द्या. पुराव्याच्या वाक्यांत ते नकोत. मग चिठ्ठीवरचं ठिकाण आणि वर्ष वाचा. हे चित्र नर्मदेकाठचं निघालं तर ‘असावी’ काढता येईल. ते हतनूरच्या किंवा गिरणा धरणाच्या काठचं असेल तर वाटेबद्दलचं वाक्य पुन्हा तपासा. शेंडे, त्यांची धार आणि नसलेली वाट या नोंदी मात्र तशाच राहतील.

शेवटी पहिल्या दोन मिनिटांत लिहिलेली तीन क्रियापदं काढा आणि परिच्छेदाशेजारी ठेवा. ‘पसरतं’ लिहिलं होतं आणि आता ‘बुडवतं’ म्हणताय, तर कोणत्या पायरीवर मत बदललं ते शोधून तिथे खूण करा. पुढचं चित्र बघताना त्या पायरीवर जास्त वेळ द्या.